तीन फुटांचा ओटा

नव्या वसाहतीतल्या चारशे घरांच्या स्वयंपाकघरात ओटा तीन फूट उंच बांधायचा, हे मुख्य आर्किटेक्ट नीळकंठ बापटांनी ठरवलं होतं. का? तर त्यांच्या ऑफिसातलं ड्रॉइंगचं टेबल तीन फूट उंच होतं म्हणून! सहा फुटी गडी, त्याला उभ्या उभ्या रेघा मारायला ते बरोबर पडायचं. पोळपाटाशी या माणसाचा संबंध फक्त जेवणापुरता.

कांचन देशकर नागपूरची. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीतली पहिली बाई आर्किटेक्ट, नोकरीला जेमतेम पाच महिने झालेले. तिनं जुन्या क्वार्टर्समध्ये दारोदार हिंडून साठ बायकांची कोपरापर्यंतची उंची मोजली आणि गोविंदपुऱ्याच्या बाजूला बांधलेल्या नमुन्याच्या घरात ओटा अडीच फुटांवर घालून घेतला. कुणाला न विचारता. विचारलं असतं तर बापट म्हणाले असते, "तुम्ही आपले पडद्यांचे रंग निवडा." आधी दोनदा म्हणालेच होते.

आज बापट ते घर बघायला आले. सोबत पत्नी मालतीबाई, कारण नव्या घरात पहिलं पाऊल बाईमाणसाचं पडावं. ओट्यापाशी आले आणि भडकलेच.

"हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?"

"माझ्या. तीन फुटांवर लाटून लाटून बायकांचे खांदे भरून येतात, सर. मी मोजून आलेय."

"अहो, त्या कशालाही रडतात! माझ्या बंगल्यात तीन फुटांचाच ओटा आहे." ते बायकोकडे वळले. "सांग गं यांना, काही त्रास होतो तुला?"

मालतीबाई कांचनच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. कांचनचा जीव टांगणीला लागला. या बाईनं नुसतं 'हो' म्हटलं, की चारशे ओटे खाली येणार होते.

"छे, मला कुठे काय होतंय!" मालतीबाई म्हणाल्या.

"ऐकलंत?" बापटांनी मिस्त्रीला हाक मारली. "तोडो इसे."

घणाचे घाव पडू लागले तशी कांचन अंगणात आली. डोळ्यांत पाणी आलं ते संतापानं. आणि संताप बापटांवरचा नव्हताच; त्यांच्याकडून तिनं डोंबलाची अपेक्षा केली होती!

मालतीबाई मागोमाग आल्या. आवाज एकदम खाली. "पाटावर उभी राहून लाटते हो मी. अकरा वर्षं झाली. दोनदा पडलेसुद्धा. पण चारचौघांत ह्यांना खोटं कसं पाडायचं? तुमचं लग्न झालेलं नाही, तुम्हाला नाही कळायचं."

"कळलं की, चांगलं कळलं," कांचन म्हणाली. "आता चारशे पाट करून घ्या, मालतीबाई. आणि घरोघर जाऊन तुम्हीच स्वतःच्या हातानं द्या."