उघडलेल्या नख्या

तिने चिमट्यात धरलेला हिरा परत कागदावर ठेवला आणि कागद बोटाने पुढे सरकवला.

"हा नको. हा नुसता चमकतोय."

"हिऱ्याने दुसरं काय करायचं असतं बाई?" जव्हेरी म्हणाला. त्याच्या पोटावर बसणारं जाकीट आता बसत नव्हतं आणि सकाळपासून हे पहिलंच गिऱ्हाईक होतं.

शेजारच्या खुर्चीवर तिच्या नवऱ्याने घसा साफ केला. काहीतरी समजूतदार बोलायचं असलं की तो आधी घसा साफ करायचा.

"चांगला आहे की. बजेटमध्येही बसतोय. आईला काय कळणार आहे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिच्या."

"मला कळतं."

"शांत हो. मी आपलं सुचवलं."

शांत हो. हे दोन शब्द त्याने लग्नापासून इतक्या वेळा उच्चारले होते की तिला ते ऐकल्यावरच राग यायचा, आधी आलेला नसला तरी. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि जव्हेऱ्याकडे वळली.

"मला जुन्या घडणीचा हवाय. हाताने पैलू पाडलेला. त्याला मधे डोळा असतो."

जव्हेऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"डोळा तुम्हाला कुणी सांगितला?"

"माझ्या सासूबाईंनी."

सांगितलं होतं ते खरं होतं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिच्या बोटात घातली होती आणि तिचा हात दिव्याखाली धरला होता. 'बघ, मधोमध बारीकसा गोल दिसतोय ना? तो त्याचा डोळा. आपल्यावर लक्ष ठेवतो मेला.' दोघी हसल्या होत्या. तेवढ्याच काय त्या एकदा दोघी एका गोष्टीला हसल्या.

मग ती तापाने फणफणली. आठवडाभर अंथरुणात होती, आणि अंगठी आरशाखालच्या वाटीत. ताप उतरल्यावर तिने वाटीतून अंगठी उचलली तर नुसतं कोंदण. खडा गायब. त्यानंतर त्या घरात जे झालं ते आठवलं की आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गादी उसवली. न्हाणीघराची मोरी उपसली. केराची बादली वर्तमानपत्रावर पालथी घातली. तापातून उठलेली ती कचरा निवडत बसली होती, आणि नवरा टॉर्च घेऊन पलंगाखाली पालथा पडला होता. संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला. 'तापात का होईना, गेला तिच्याच हातून.' अंगठी फडक्यात बांधली आणि स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली. उरलंय ते तरी राहू दे म्हणाल्या.

नवरा मात्र तिला एक अक्षर बोलला नव्हता. उलट आईला म्हणाला होता, 'जाऊ दे ना, तिने मुद्दाम केलंय का?' तिला तेव्हा त्याचे पाय धरावेसे वाटले होते. आणि मग त्याने एक सवयच लावून घेतली. काचेचं भांडं असो, भाचीचं बाळ असो, बँकेचं पुस्तक असो, तो हात पुढे करायचा. 'दे, मी धरतो. तुझ्या हातून पडेल.' अगदी प्रेमाने. चारचौघांत. लोक म्हणायचे, काय सांभाळून घेतो हो तो तिला.

पण आठ दिवसांपूर्वी जेवणाच्या टेबलावर हद्द झाली. धाकट्या दिराने लग्न ठरलेली मुलगी घरी आणली होती. सासूबाईंनी तिच्या पानात वाढता वाढता हसून सांगितलं, 'तुझ्यासाठी एक खानदानी अंगठी ठेवली असती गं. पण थोरलीच्या हातांना भोकं आहेत.' सगळे हसले. ती मुलगीही हसली, बिचारी, तिला काय ठाऊक. नवराही हसला. थोरली मात्र हातातला डाव ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, 'अंगठी काढून द्या. मी खडा बसवून आणते. पुढच्या रविवारी ही परत येईल तेव्हा हिच्या बोटात घाला. आणि त्यानंतर या घरात कुणी माझ्या हातांचं नाव काढायचं नाही.'

चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या खोलीत बसून, लोकांच्या मोडक्या फ्रेमा सरळ करून साठवलेले होते ते सगळे पैसे आता तिच्या पर्समध्ये होते. नवऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं की या महिन्यात त्याच्याकडून छदामही निघणार नाही. सोबत मात्र आला होता. अंगठीची डबीही त्यानेच सकाळी आईकडून घेतली होती आणि स्वतःच्या खिशात ठेवली होती. का, ते सांगायला नकोच.

जव्हेरी आतून एक चपटा डबा घेऊन आला. त्यातून त्याने कागदाची एक पुडी उलगडली.

"हा बघा. पिवळसर आहे थोडा, म्हणून पडून राहिलाय. आणि तो डोळा लोकांना भोक वाटतं. दोष आहे म्हणून भाव पाडून मागतात. पूर्वी खालचं टोक असं थोडं बोथट ठेवायचे, त्याचा गोल वरून दिसतो. दोष कसला डोंबलाचा."

तिने भिंग डोळ्याला लावलं. भिंग तिच्या रोजच्या सवयीचं होतं, दुसरा डोळा मिटावा लागला नाही. खडा जरा वेडावाकडा होता, एका बाजूला किंचित जास्त भरलेला. त्याचे पैलू मोठे होते आणि उजेड त्यांच्यातून सावकाश सरकत होता. मधोमध तो बारीक गोल. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागाच्या भरात आली होती, आवडेल असं काही दिसेल याची तयारीच नव्हती.

"केवढ्याला?"

जव्हेऱ्याने सांगितलं. तिने पर्समधल्या रकमेचा विचार केला. कमी पडत होते. फार नाही, पण पडत होते.

"एवढे नाहीत माझ्याकडे."

"मग राहू दे," नवरा लगेच म्हणाला. "मी म्हणत होतो ना, तो आधीचा घे."

"आधी बसतो का ते तरी बघू," जव्हेरी म्हणाला. गिऱ्हाईक उठण्याच्या बेतात आहे हे त्याने ओळखलं असावं. "अंगठी आणलीय ना?"

नवऱ्याने डबी काढली, उघडली आणि काउंटरवर ठेवली. ठेवताना तिच्या बाजूला न ठेवता जव्हेऱ्याच्या बाजूला ठेवली. पण भिंग अजून तिच्या डोळ्याला होतं, आणि हात लांब होता. तिने अंगठी उचलली.

इतक्या वर्षांत ती अंगठी पुन्हा तिच्या हातात आली नव्हती. कोंदणात मळ साठला होता. खडा धरून ठेवणाऱ्या सहा नख्या वर आल्या होत्या. तिने अंगठी उजेडात फिरवली. मग पुन्हा फिरवली, सावकाश, एकेक नखी बघत.

खडा पडतो तेव्हा नखी झिजलेली असते, नाहीतर कशात तरी अडकून एखादी वाकते, मोडते. बाकीच्या जागच्या जागी असतात. या सहाच्या सहा बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या, सारख्याच. प्रत्येकीच्या बुडाशी एक आडवी खाच होती, एकाच उंचीवर. अशी खाच तिने रोज पाहिली होती. पक्कड लावताना मधे फडकं धरलं नाही की धातूवर अशीच खाच पडते. नव्या कारागिराला ती यावरूनच ओरडायची.

तिने भिंग काढलं नाही. काढलं असतं तर कुणाकडे तरी बघावं लागलं असतं.

"या नख्या अशा कशाने होतात हो?"

जव्हेरी वाकला. त्याला भिंगाचीही गरज पडली नाही.

"खडा काढताना. उघडाव्याच लागतात. काढायला दिला होतात ना तुम्ही कुठे तरी? घाईत काढलाय. पण काळजी करू नका, आत वळवून घेतो, वरून घासतो, पॉलिश मारतो. कुणी हात लावला होता हे माझ्या बापालाही कळणार नाही."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती घुरघुरून बंद पडत होती.

तिला मोटरसायकल आठवली. ताप उतरून ती पहिल्यांदा दारात येऊन उभी राहिली तेव्हा समोर लाल मोटरसायकल होती, टाकीवरचा प्लॅस्टिकचा कागदही न काढलेली. बोनस मिळाला, म्हणाला होता. तिने हौसेने तिला हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. आणि त्याच दुपारी तो टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरला होता. किती वेळ शोधत होता तो! कपड्यांना जळमटं लागली होती. तिने स्वतः ती झटकली होती.

"बसवून टाका," नवरा म्हणाला.

ती वळली नाही.

"हाच बसवून टाका. वरचे मी देतो."

आवाज नेहमीचाच होता, पण या वेळी त्याने आधी घसा साफ केला नव्हता.

"या महिन्यात नाहीत म्हणालास," ती म्हणाली.

"करतो काहीतरी. तुला आवडलाय ना? मग झालं. एकदाचा विषय तरी संपेल." त्याने खिशातून कार्ड काढलं होतंच. "किती वेळ लागेल हो बसवायला? आम्ही इथेच थांबतो."

"अर्धा तास. नख्या वळवायला वेळ लागत नाही, पॉलिशला लागतो."

तिने आता भिंग काढलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. तो हसत होता, टेबलावर हसला होता तसाच. तिच्या मनात आलं, आत्ता इथे याच्या मुस्काटात भडकवावी. काउंटरवरची काच फुटेपर्यंत ओरडावं. आपण मोरी उपसली, इतकी वर्षं मान खाली घातली, याच्या भलेपणाचे गोडवे आपल्या आईला फोनवर सांगितले. तिने हात अंगठीसकट मिटून घेतला.

"भर पैसे," ती म्हणाली.

त्याने भरले. तिने आपले पर्समधून काढून मोजले नाहीत, गठ्ठाच पुढे ठेवला. मोजताना जव्हेऱ्याच्या चेहऱ्यावर सकाळ सार्थकी लागल्याचं समाधान पसरलं. त्याने पावती फाडली, मग पक्कड आणि कानस पुढ्यात घेतली आणि तिच्यापुढे तळहात पसरला.

"आणा अंगठी."

"खडा नुसता द्या. पुडीत बांधून."

"नुसता? आणि अंगठी?"

"अंगठी आहे तशीच हवीय. तिला घासायचं नाही, पुसायचं सुद्धा नाही. आमच्याकडे रविवारी सगळे जेवायला आहेत, त्यांना दाखवायचीय. आमच्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग मी घरी नेणार आहे."

"अगं, पण..." नवरा म्हणाला.

"खडा माझ्यासाठी," ती जव्हेऱ्याला म्हणाली. "पैसे साठले की येईन. माझ्या मापाची, साधी करून द्या. नख्या जाड ठेवा."

जव्हेऱ्याने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. जाकिटाचं बटण उगाचच लावायचा प्रयत्न केला. पैसे तर मिळाले होते. त्याने पुडी बांधली, वर एक जाड पाकीट चढवलं आणि मान खाली घालून कानस जागेवर ठेवली.

ते बाहेर आले. पायरीवर ऊन होतं. ती मघाची गाडी अजून सुरू होत नव्हती, तिचा मालक आता तिला लाथा घालत होता. नवरा तिच्या बरोबरीने चालायचा प्रयत्न करत होता आणि ती थांबत नव्हती.

"ऐक तर. त्या वेळची परिस्थिती... मी सांगणारच होतो तुला. घरी जाऊन नीट बोलू. आईसमोर काही काढू नकोस, तिला सहन होणार नाही."

सिग्नलपाशी थांबावं लागलं तेव्हा त्याने घसा साफ केला आणि नेहमीसारखा हात पुढे केला, तळवा वर करून, अगदी प्रेमाने.

"बरं, ती अंगठी तरी माझ्याकडे दे. गर्दी आहे. मी सांभाळून ठेवतो."

तिने मूठ उघडली नाही.

"नको," ती म्हणाली. "तुझ्या हातून पडेल."