संथा शेअर बाजाराची

मी मुळातच तापट. त्यात परीक्षा. त्या महिन्यात घरातलं कुणी माझ्या वाऱ्यालाही उभं राहत नव्हतं.

झालं असं, की आमच्या या हिंदी मुलखात, लहुराबीर भागातल्या ज्या शेअर दलालाच्या ऑफिसात मी काम करते, तिथल्या साहेबांनी फर्मान काढलं. महिनाअखेर शेअर बाजाराची परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आणा, नाहीतर खुर्ची रिकामी करा. आधी एकदा बसले होते मी, आणि सपशेल आपटले होते. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात तिथे, आणि मी आपली अंदाजपंचे ठोकत सुटले होते. आता ही शेवटची संधी. आमचे हे, वेणीमाधव, यजमान मिळाला तर पूजा सांगतात, नाही मिळाला तर मुन्शी घाटावर गप्पा छाटतात. घर चालतं माझ्या पगारावर. खुर्ची गेली की सगळंच गेलं.

"पाठ केलं नाहीस म्हणून आपटलीस," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे सासरे, विश्वेश्वरशास्त्री. जन्मभर त्यांनी पोरांना वेद शिकवला. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं मागून दोनदा, अशी संथा. आता शिकायला कुणी येत नाही. "मी देतो तुला संथा. बघ, पुस्तक कसं तोंडपाठ होतं ते."

एरवी मी हसले असते. पण तेव्हा कुणी मंतरलेला दोरा बांधतो म्हटलं असतं तरी मी हात पुढे केला असता.

फी भरल्यावर नवं पुस्तक मोबाइलवर आलं होतं. पण मोबाइलवरून संथा? छे! अण्णांना छापीलच हवं. मग ऑफिसातल्या गीताकडून तिचं जुनं हिंदी पुस्तक मागून आणलं. रोज सकाळी अण्णा मांडी घालून बसायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "सौदे के दो दिन बाद भुगतान." की मी दोनदा. शेअर विकल्यावर दोन दिवसांनी पैसे, असा त्याचा अर्थ; पण अर्थबिर्थ कोण बघतंय! जीभ वळली की झालं. अण्णांना तर असा हुरूप आला, की बोलून सोय नाही. "कालिंदी, तुझ्यासारखी जीभ माझ्या एकाही पोराला नव्हती," असं एकदा म्हणाले. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं कौतुक. मी आत जाऊन गुपचूप डोळे पुसले.

परीक्षा दोन दिवसांवर आली आणि ऑफिसात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "बहनजी, शेअर बेचे हैं, पैसा कब मिलेगा?"

"सौदे के दो दिन बाद," मी धाडकन म्हटलं.

"काहे? पिछली बार तो अगले ही दिन मिल गया था!"

माझ्या अंगावर काटाच आला. अहो, नियम बदलून किती काळ लोटला! 'पैसे दुसऱ्या दिवशी' हे मीच रोज लोकांना सांगत होते. आणि आज माझी जीभ भलतंच बोलून बसली. मोबाइलवरचं पुस्तक उघडून बघते, तर बदललेले नियम ठायी ठायी. आणि जुने सगळे माझ्या तोंडात घट्ट बसलेले.

घरी गेले ती अण्णांवरच बरसले. "तुमच्या त्या छापील हट्टापायी माझं वाटोळं झालं! आता हे सगळं विसरायला लावा मला!"

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "विसरायचं कसं, ते मला येत नाही गं. कुणी शिकवलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून मोबाइल मागितला आणि नवी संथा सुरू केली. "सौदे के एक दिन बाद." मी म्हणायला जायची आणि तोंडातून 'दो'च निघायचं. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "आता माझ्यासमोर बसू नकोस. माझा आवाज ऐकलास की जुनंच येणार." आणि उठून बाहेर गेले. मला भयंकर लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त.

परीक्षेला महमूरगंजच्या केंद्रावर निघाले, तर अण्णा रिक्षात आधीच बसलेले. "मी बाहेर थांबेन. बोलणार नाही," म्हणाले.

आत कॉम्प्युटरसमोर बसले. पुष्कळशी उत्तरं न बदललेल्या नियमांची होती, ती भराभर दिली. मग आला तो प्रश्न, भुगतानाचा. अण्णांचा आवाज कानात खणखणला. माउसचा बाण 'दो दिन'वर. प्रश्न सोडून द्यावा, तर मार्क कमी पडतील. दाबावं आणि चुकलं, तर कापले जातील. मी डोळे मिटून त्या गिऱ्हाइकाला आठवलं, आणि 'एक दिन' दाबलं. पुढे असे कितीतरी आले. दर वेळी आवाज यायचा, दर वेळी मी थांबायची आणि विचार करायची, ऑफिसात आपण खरं काय करतो? शेवटी देवाचं नाव घेऊन निकालाचं बटण दाबलं.

बाहेर आले. अण्णा रस्त्याच्या कडेला उन्हात उभे. विचारायची हिंमत नव्हती त्यांच्यात.

"पास झाले, अण्णा. काठावर, पण पास."

त्यांनी हात जोडले, पण तोंडावर हसू काही येईना. "माझा आवाज येत होता?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलले असते तर चाललं असतं. पण बोलवेना. "येत होता. सारखा."

"मग काय केलंस?"

"मनातल्या मनात म्हटलं, अण्णा, आता चूप बसा!"

उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी म्हटलं नसेल. पण त्यांनी हळूच विचारलं,

"बसलो का गं?"

"कुठे बसलात!" मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरून भर रस्त्यात रडायला लागले.