फाटकात लावलेली गाडी

पौर्णिमा उमापूरच्या पुढच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती आणि राहायला बीडला. नवरा विलासचं झेरॉक्सचं दुकान बीडात, पोरीची शाळा बीडात, सासू पारूबाईंचं औषधपाणी बीडात. म्हणून रोज बीडहून एसटीनं गेवराई, गेवराईहून माणसं कोंबलेल्या जीपनं उमापूर आणि तिथून पुढं कुणाच्या तरी मोटरसायकलवर, असा तिचा प्रवास चालायचा. मधे तिनं स्कूटीही चालवून पाहिली. पण कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या धावतात, आणि त्यातल्या निम्म्यांना मागं दिवा नसतो. एका संध्याकाळी ती अशाच एका ट्रॉलीवर आदळली. हात मोडला. प्लास्टर निघाल्यावर ती विलासला म्हणाली, "आता चारचाकीच घेऊ. लहान, जुनी, कसली का असंना."

नवी गाडी पगारात बसणार नव्हती. जुनी पेट्रोलची बसली असती, पण एवढ्या अंतराचं पेट्रोल रोज कुठून घालणार? जुनी इलेक्ट्रिक गाडी मात्र दोन्ही हिशोबांत बसत होती. रात्री घरच्या सॉकेटला लावायची, सकाळी निघायचं. पौर्णिमा महिनाभर त्यावर वाचत राहिली, मोबाईलवर व्हिडिओ पाहत राहिली, ज्यांच्याकडं अशा गाड्या होत्या त्यांना विचारत राहिली. विलासला सायकलच्या पुढं काही चालवता येत नव्हतं. तो म्हणाला, "तूच बघ, तूच ठरव. कर्जाच्या कागदावर सही लागली तर सांग."

जालना रोडवर सुंदररावाचा जुन्या गाड्यांचा बाजार होता. सुंदरराव पन्नाशीचा, गोड बोलणारा, आल्यागेल्याला आधी चहा पाजणारा माणूस. त्याच्याकडं एक पांढरी इलेक्ट्रिक गाडी आली होती. पौर्णिमा विलासला घेऊन गेली. तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि सुंदररावानं उत्तरं विलासला द्यायला.

"बॅटरीची वॉरंटी शिल्लक आहे का?" तिनं विचारलं.

"भाऊ, अजून चार वर्षं कंपनीची वॉरंटी हाय," सुंदरराव विलासकडं बघून म्हणाला.

"गाडी कुठं ठोकलेली वगैरे?"

"भाऊ, वरखडा दाखवा, गाडी फुकट न्या."

त्या पावसाळ्यात सिंदफणेला पूर आला होता. शिरूर कासारकडं गावंच्या गावं पाण्यात होती, गाड्या टपापर्यंत गाळात उभ्या असलेल्या पौर्णिमानं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून तिनं मुद्दाम विचारलं, "ही गाडी पाण्यात गेलती का?"

सुंदरराव हसला. या वेळी तो पहिल्यांदा तिच्याकडं बघून बोलला. "ताई, पूर आपल्याकडं आला, गाडी आली पुण्याहून. तिचा आन् पुराचा काय संबंध? एका डॉक्टरीणबाईची हाय. दवाखाना ते घर, एवढीच फिरलीय."

तिनं गाडी कपिलधारपर्यंत चालवून पाहिली. चढ चढली, उतार उतरली, परत आली. चार्जिंग फार उतरलं नाही. मग तिनं स्वतःच्या नावावर कर्ज काढून गाडी घेतली. म्हणजे ती भोळेपणानं फसली, असं कुणी म्हणू नये. माणसानं जेवढं बघायचं असतं तेवढं तिनं बघितलं होतं. समोरचा तोंडावर खोटं बोलला, त्याला ती काय करणार?

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. पोरीला शाळेत सोडून पौर्णिमा वेळेवर उपकेंद्रात पोचायची. परत येताना तिच्या मांडीवर पिशव्या आणि मानेवर अनोळखी माणसाचा श्वास नसायचा. एका रविवारी पारूबाईंना ती बहिणीकडं घेऊन गेली. पारूबाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांत खुरपत आलेली बाई. त्या काच खाली करून बसल्या आणि रस्त्यानं ओळखीचं कुणी दिसलं की सांगत राहिल्या, "सुनेची गाडी हाय."

मग चार्जिंग गळायला लागलं. सकाळी पूर्ण भरलेली गाडी गेवराईत निम्म्यावर यायची. थंडीमुळं होत असेल असं वाटून तिनं एसी बंद ठेवला, हळू चालवली. फेब्रुवारीत, लसीकरणाच्या दिवशी, उमापूरच्या केंद्रातून लसींचा डबा घेऊन ती गावाकडं निघाली आणि मधल्या रस्त्यावर पडद्यावर लाल अक्षरं आली. गाडी जागच्या जागी थांबली. चाकं जाम. ढकलायची सोयही नाही. डब्यात बर्फ, बर्फात लसी, आणि पुढच्या गावात शाळेच्या ओट्यावर बाळांना घेऊन बसलेल्या बाया. उन्हात उभी राहून तिनं एका दूधवाल्याला हात केला, डबा छातीशी धरून त्याच्या मागं बसली, लसीकरण उरकलं. संध्याकाळी परत आली तर गाडी तिथंच होती. कुणीतरी काचेवर बोटानं 'भंगार' लिहून गेलं होतं.

टोइंगच्या गाडीवर घालून ती संभाजीनगरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या इंजिनिअरनं खालून बॅटरीचं झाकण काढलं आणि पौर्णिमाला बोलावून दाखवलं. आतल्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ होता, नदीच्या काठावर असतो तसा, तडकलेला.

"मॅडम, ही गाडी पुरात बुडालेली आहे," तो म्हणाला. "विमा कंपनीनं पूर्ण नुकसान धरून निकालात काढलेली. वॉरंटी कंपनीनं तेव्हाच रद्द केली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"विचारलं होतं मी," पौर्णिमा म्हणाली. नव्या बॅटरीचा आकडा त्यानं सांगितला, तो जवळजवळ गाडीच्या किमतीएवढा होता.

दुसऱ्या दिवशी दोघं सुंदररावाकडं गेले. त्यानं चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि विलासला म्हणाला, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण ताईंनी कुठं नाल्याफिल्यातून घातली असंल. बायांना पाण्याचा अंदाज येत न्हाई. बॅटरीची गाडी नाजूक असती."

"थंडीत कुठला नाला वाहतो?" पौर्णिमा म्हणाली.

"भाऊ, समजवा ताईंना. घेताना बघून घेतली, चालवून घेतली. तरी आपला संबंध म्हणून मी ती भंगारात परत घेतो. जे येईल ते तुमचं."

विलास सहसा कुणाला उलटं बोलायचा नाही. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "सुंदरराव, मघापासून माझ्याकडं बघून काय बोलताय? गाडी तिची हाय. पैसे तिचे हायत. मला तर चालवताबी येत न्हाई. तिच्याशी बोला."

सुंदरराव तिच्याशी बोलला नाही. त्याला अचानक फोन आला आणि तो उठून मागं गेला, तो आलाच नाही.

पौर्णिमानं ग्राहक आयोगात तक्रार टाकली. वकील म्हणाला, वेळ लागेल. नातेवाईक म्हणाले, सोडून दे, तो मोठा माणूस हाय. उपकेंद्रातली आशाताई म्हणाली, नशीब समजा, जिवावर बेतलं न्हाई. शेजारचे एक गुरुजी तर म्हणाले की इलेक्ट्रिक गाड्या अशाच असतात, मी सांगणारच होतो. तिला सगळ्यात जास्त राग याचा यायचा. फसवलं एकानं, आणि शहाणपण शिकवायला सगळं गाव तिच्याच दारात. सुंदररावाकडं जाऊन 'कावून खोटं बोललास' असं विचारायला मात्र कुणी तयार नव्हतं. गाडी घरासमोर आणून उभी केली आणि ती पुन्हा एसटीनं जायला लागली. हप्ता सुरूच होता.

गुढीपाडवा जवळ आला. पाडव्याला लोक मुहूर्तावर गाड्या नेतात, सुंदररावाकडं त्या दिवशी जत्रा असते, हे सगळ्या बीडला माहीत. आदल्या संध्याकाळी पौर्णिमानं टोइंगवाल्याला फोन केला आणि पारूबाईंना सांगितलं, "आत्या, उद्या मला यायला उशीर होईल."

"मी बी येती," पारूबाई म्हणाल्या. "गाडीत बसून राह्यचं असंल तर मला तेवढं जमतंय."

सकाळी सुंदररावाच्या फाटकावर आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा होत्या. आत हार घातलेल्या गाड्या ओळीनं उभ्या, घरची माणसं नारळ-पेढे घेऊन आलेली. टोइंगच्या गाडीनं पांढरी गाडी बरोबर फाटकात आडवी उतरवली आणि पैसे घेऊन निघून गेली. चाकं जाम. आतली एकही गाडी बाहेर निघंना. पारूबाई पांढरं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसल्या. पौर्णिमा दार उघडून उभी राहिली. विलास तिच्या शेजारी.

सुंदरराव धावत आला. "हे काय लावलंय? भाऊ, गाडी काढा, लोकांचा मुहूर्त चाललाय."

"ही किल्ली," पौर्णिमा म्हणाली. "चालू करा आणि काढा. तुम्हीच म्हणला होता, गाडी चांगली आहे."

नोकर ढकलायला लागले. गाडी हलली नाही. माणसं जमली. एकानं विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं. आवाज न चढवता, जेवढं झालं तेवढंच. दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. ऊन चढत गेलं, विचारणारे वाढत गेले, आणि प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून सांगत राहिली.

शेवटी सुंदररावाचा गोडवा सुटला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खोटं बोलती ही बाई. नाल्यातून घातली, बॅटरी घालवली आन् आता माझ्या दारात नाटक करती. गाडी माझ्याकडं आली तवा कोरडी ठणठणीत होती."

फाटकाच्या भिंतीला लागून चाँदबीचा फळांचा गाडा होता. साठीची बाई, वर्षानुवर्षं तिथंच कलिंगडं, द्राक्षं विकणारी. सकाळपासून ती मान खाली घालून कलिंगडं पुसत होती. आता तिनं फडकं ठेवलं.

"कोरडी न्हवती," ती म्हणाली.

सुंदररावानं वळून पाहिलं. "चाँदबी, तू आपलं काम कर."

"कामच करतेय. ही गाडी आली तवा तुमच्या माणसांनी गाद्या काढून माझ्या गाड्यामागं उन्हात वाळू घातलत्या. चार दिवस वास मारत हुत्या. गिऱ्हाईक थांबंना, म्हणून मी तुमालाच येऊन बोलले. तुमी म्हणलात, पुराची गाडी हाय, वाळली की वास जातो."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला गाडीतलं काई कळत न्हाई. वास कळतो." ती पौर्णिमाकडं वळली. "बेटी, मी आधी बोलणार न्हवते. मला हितंच धंदा करायचा हाय. पन रोजा हाय माजा. समोर खोटं चाललंय आन् मी गप बसले, तर उपाशी ऱ्हाऊन काय उपेग?"

मग हार घातलेल्या एका लाल गाडीजवळचा माणूस बायकोच्या हातातला नारळ काढून घेत म्हणाला, "सुंदरराव, आमची बी गाडी पुण्याचीच म्हणलात ना तुमी?"

"भाऊ, तिचं येगळं हाय."

"काय येगळं? बॉनेट उघडा. गाद्या काढा. मला बघायचंय."

त्याच्यामागं आणखी दोघांनी आपापल्या गाड्यांची चौकशी सुरू केली. सुंदररावानं पौर्णिमाला ऑफिसात बोलावलं. ती गेली नाही. "इथंच बोला," ती म्हणाली. मग तो इथंच बोलला, आणि आता तिच्याकडं बघून बोलला. वापरल्याचे थोडे कापून बाकी देतो म्हणाला. तिनं नकारार्थी मान हलवली. मग पूर्ण देतो, पण तक्रार मागं घ्यायची आणि समाधान झालं असं लिहून द्यायचं.

"पैसे माझे होते, ते परत द्या," पौर्णिमा म्हणाली. "समाधान झालं नाही, तर कसं लिहून देऊ?"

"मंग बसा उन्हात."

"बसतोय की," पारूबाई आतून म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला होता.

दुपारपर्यंत लाल गाडीवाला बयाणा परत मागून निघून गेला. त्यानंतर सुंदररावानं गाडीची पूर्ण किंमत पौर्णिमाच्या खात्यात भरली. बँकेचा संदेश आल्यावर तिनं गाडी परत दिल्याच्या कागदावर सही केली, दुसऱ्या कशावरही नाही. कर्जाचं व्याज, टोइंगचे पैसे, गेलेल्या रजा, त्यातलं काही आलं नाही. त्यासाठीच तक्रार ठेवायची, असं तिनं घरी येताना विलासला सांगितलं.

ईद झाल्यावर ती शिरखुर्म्याचे रिकामे डबे घेऊन जालना रोडला गेली. चाँदबीनं ते नातवाकरवी घरी पाठवले होते. भिंतीजवळ गाडा नव्हता. ती जागा सुंदररावानं लोखंडी खांब रोवून, साखळी लावून बंद केली होती. रस्ता सरकारचा, आणि साखळी याची. पौर्णिमाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं रस्त्यापलीकडं पाहिलं. चाँदबी तिथं, सावली नसलेल्या जागी, गाडा लावून उभी होती.

"माझ्यामुळं झालं हे," पौर्णिमा म्हणाली.

"तुज्यामुळं कावून? साखळी त्यानं लावली." चाँदबीनं डबे घेतले. "हितं गिऱ्हाईक कमी हाय, ऊन लई हाय. बाकी काय न्हाई."

"मी याचीही तक्रार करते. उद्याच करते."

"कर की." चाँदबीनं एक कलिंगड उचललं, थापटून पाहिलं, ठेवलं, दुसरं घेतलं. "आन् तुज्या त्या गाडीची तारीख लागली का?"

"पुढच्या महिन्यात आहे."

"मला आदल्या दिवशी सांग. गाडा लेकाकडं देऊन येते. ते गाद्यांचं तितं सायबापुढं बी सांगायचंय मला."