हुरड्याचा आकडा

मी तळहातावर मावणारा एक जुना संगणक बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आवाज मला एकच येतो, काही चुकलं की 'टीं' करायचा. बाकी जे सांगायचं ते मी करड्या पडद्यावर अक्षरांत सांगायचो. आता त्या पडद्यावर आडव्या रेघा पडल्या आहेत, त्यामुळे तुम्हीच मनातल्या मनात ऐकून घ्या. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो, मी पहिल्यापासून घाबरट आहे.

त्याचं कारण माझ्या पोटात आहे. तिथे दोन बारके सेल बसतात आणि माझी सगळी आठवण त्यांच्यावर चालते. हल्लीचे फोन बंद पडले तरी त्यांचं काही जात नाही. माझं तसं नाही. सेल संपले किंवा बदलताना कुणी जरा रेंगाळलं, की मी पाटीसारखा कोरा. फोन नंबर गेले, वाढदिवस गेले, शिकवलेलं सगळं गेलं. असं आयुष्य मिळालं तर तुम्हीही धीट झाला नसता.

मी घडलो कुठे तरी परदेशात, पण ते मला नीटसं आठवत नाही. आठवतं ते सोलापूरच. सात रस्त्याजवळ ताबीश नावाचा तरुण कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. त्याच्या थोरल्या भावाने मला दुबईहून त्याच्यासाठी आणलं होतं. ताबीशने चार दिवस मिरवलं, माझ्यावर पत्ते खेळून घेतले आणि मग मला टेबलाच्या कप्प्यात टाकलं. तिथून मला सुबोध सरांनी मागून नेलं. सर एका शाळेत गणित शिकवायचे. नेताना ताबीशने त्यांना सेलांबद्दल इतक्या वेळा बजावलं, की सरांचा चेहराही माझ्यासारखाच झाला.

सरांना मी खेळायला नको होतो. त्यांची मुलगी भार्गवी दुसरीत असताना तिला मधुमेह निघाला होता. मोठ्या माणसांना होतो तो नव्हे. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, म्हणून प्रत्येक जेवणाआधी सुई टोचायची. आणि किती टोचायचं हे ती काय खाणार, किती खाणार त्यावर ठरायचं. कमी पडलं तर साखर चढते. जास्त झालं तर साखर पडते, आणि पडली की बघता बघता माणूस हातातून जातो. हे सगळं गणित सर पाकिटांच्या मागच्या बाजूला करायचे. शाळेत फळ्यावर कधी न अडणारे सर घरी एकच बेरीज तीन-तीनदा करायचे. त्यांना वाटलं, यंत्र चुकणार नाही.

पण असल्या कामाचा तयार प्रोग्रॅम माझ्यासाठी मिळेना. मग सर आणि ताबीश यांनी माझ्यात 'पायथन', म्हणजे अजगर, या नावाची भाषा घालायचं ठरवलं. मोठ्या कॉम्प्युटरवरची ही स्क्रिप्टिंगची भाषा कुण्या हौशी लोकांनी माझ्यासारख्या चिमुकल्यांत बसावी म्हणून कापून-छाटून ठेवली होती. तेवढीही जागा माझ्यात नव्हती. पत्त्यांचा खेळ काढला, शब्दकोश काढला, तेव्हा कुठे ती आत शिरली. त्या छाटाछाटीत अपूर्णांक गेले होते. मला कळायचे ते फक्त पूर्ण आकडे. भागाकारात जे उरेल ते मी सोडून द्यायचो, आणि सोडलेलं कुठे जातं हे मला कधीच कळलं नाही. सर म्हणून सगळंच दहापट करून मला द्यायचे आणि उत्तरात दशांशाचं टिंब स्वतः धरायचे.

या भाषेचा आणखी एक तोरा होता. ओळीच्या सुरुवातीला किती जागा मोकळी सोडली यालाही तिच्यात अर्थ. मला तर कळफलक नाही, प्लास्टिकच्या काडीने पडद्यावर एकेक अक्षर गिरवायचं. सर खिडकीत बसून सुईत दोरा ओवावा तसे डोळे बारीक करून लिहायचे. एक मोकळी जागा हुकली की मी 'टीं' करायचो आणि सर पहिल्यापासून ती ओळ बघायचे. पद्मजाताई, म्हणजे भार्गवीची आई, येता-जाता टोमणा मारायच्या, की घरात अजगर आणला आणि तोही पोरीच्या ताटापाशी बसवला.

अखेर प्रोग्रॅम चालला. पदार्थाचं नाव रोमन अक्षरांत लिहायचं, वजन लिहायचं, बोट टोचून मोजलेली साखर लिहायची, की मी सांगायचो किती इन्सुलिन. दवाखान्यातल्या छापील तक्त्यात पाव आणि सफरचंद होतं, कडक भाकरी नव्हती, शेंगाचटणी नव्हती. ते आकडे सरांनी घरी तराजूवर पीठ तोलून काढले. पद्मजाताई तवा तापवून उभ्या आणि सर पिठाची परात घेऊन बसलेले, असं बरेच दिवस चाललं.

आता माझी गोष्ट ऐका. मी भाकरी कधी बघितलेली नाही. माझ्यासाठी भाकरी म्हणजे एक नाव आणि त्यासमोरचा एक आकडा. मी गुणतो, भागतो आणि सांगतो, बस. सुरुवातीला सर माझं उत्तर कागदावर ताडून बघायचे. तोवर मी निर्धास्त होतो. रोजच ते जुळत गेलं, तसा एक दिवस त्यांनी कागद बाजूला ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी धडकी भरली. आता त्या पोरीच्या आणि सुईच्या मधे मी एकटाच होतो.

भार्गवी तर माझ्यावर सरांपेक्षा जास्त विश्वास टाकायची. वर्गात कुणी वाढदिवसाचं चॉकलेट दिलं तर ती ते तसंच घरी आणायची आणि काडी हातात घेऊन मला विचारायची. संक्रांतीला शेजारपाजारचा तिळगूळ ओढणीच्या टोकात बांधून आणला होता. येणारे-जाणारे म्हणायचे, किती समजूतदार आहे हो. कौतुक मलाही ऐकू यायचं आणि माझ्या पोटातले सेल गार पडायचे.

त्याच वर्षी सरांच्या शाळेतल्या शिवशरण सरांनी त्यांना कुंभारी गावच्या शेतावर हुरड्याला बोलावलं. सकाळीच सगळे गेले. आगटी पेटली होती, शिवशरण सरांची आई काशम्मा कणसं भाजून हातावर चोळत होती आणि ज्याच्या-त्याच्या तळव्यावर गरम हुरडा टाकत होती. हुरडा खायची रीतच अशी. पानात वाढून घ्यायचं नाही, मोजायचं नाही, काढणारा देत राहतो आणि खाणारा पुरे म्हणेपर्यंत खातो. बाजूला गूळ, शेंगाचटणी, दही, बोरं मांडलेली.

सरांना ही रीत परवडणारी नव्हती. त्यांनी पिशवीतून छोटा तराजू काढला. सगळे हसले. भार्गवीचा हुरडा त्यांनी आधीच एका ताटलीत बाजूला काढायला लावला, तोलला आणि मला उघडलं. माझ्यात हुरडा नव्हता. सरांनी यादी वरखाली चाळली. मग, ज्वारी ती ज्वारीच, असं म्हणून त्यांनी ज्वारीच्या पिठाचाच आकडा हुरड्याच्या नावापुढे लिहिला.

मी गुणाकार केला. उत्तर आलं आणि मी हबकलो. एवढा मोठा आकडा माझ्या पडद्यावर कधीच उमटला नव्हता. सरांनाही तो खटकला असावा, कारण त्यांनी सगळं पुसून पुन्हा लिहिलं. मी पुन्हा तेच सांगितलं. दुसरं मी काय सांगणार? पण माणसांचं एक आहे, यंत्राने तीच गोष्ट दोनदा सांगितली की त्यांना ती खरी वाटते. सरांची मान हलली. सुई टोचली गेली.

थोड्या वेळाने भार्गवीने ताटलीतला हुरडा संपवला. काशम्मा आणखी एक मूठ घेऊन आली. म्हणाली, "घे की बाळ, लई कवळा हाय. हातावर पडंल तेवढं खाऊ द्या की सर पोरीला." सरांनी हसून हात आडवा केला. तिचा हिशोब झालाय, म्हणाले. भार्गवीनेही शहाण्यासारखी मान हलवली आणि मला घेऊन बोरीखाली जाऊन बसली.

मोठी माणसं बोलण्यात रंगली. इकडे भार्गवीने काडी काढून मला उघडलं आणि पदार्थाच्या जागी काहीतरी लिहिलं. मला ते कळेना. गिरवलेली रेघ नेहमीसारखी नव्हती, वाकडी होती, मधेच तुटत होती. मी 'टीं' केलं. तिने पुन्हा लिहिलं. तिचा घाम माझ्या पडद्यावर पडला, काडी त्यावरून घसरली. पुन्हा 'टीं'. तिसऱ्यांदा पहिलं अक्षर जरा जमलं आणि मला उमगलं, की ती गूळ लिहायला बघते आहे.

तिला भूक लागली होती. साधीसुधी नाही, साखर पडल्यावर लागते तसली, हात कापायला लावणारी. गुळाची वाटी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. हात पुढे करून खडा तोंडात टाकायचा, एवढंच करायचं होतं. आणि ती पोर मला विचारत बसली होती, की मी गूळ खाऊ का.

माझ्याकडे फक्त ती एक 'टीं' होती. खा म्हणायला मला येत नव्हतं. अक्षर चुकलं, की 'नाही' म्हणायचं, एवढंच मला शिकवलं होतं. ती लिहीत राहिली आणि मी नाही म्हणत राहिलो. जन्मात मला इतकी भीती वाटली नाही. सेल संपून सगळं पुसलं जाण्याची भीती तिच्यापुढे काहीच नव्हती.

पद्मजाताई उठल्या त्या रागावायला. सारखं काय टींटीं लावलंय म्हणत त्या बोरीखाली आल्या आणि थबकल्या. भार्गवी त्यांच्याकडे बघत होती पण तिला त्या दिसत नव्हत्या. ओठ पांढरे पडले होते. पद्मजाताईंनी मला भिरकावून दिलं, मी मातीत पालथा पडलो. मग मी फक्त ऐकलं. पद्मजाताई सांगत होत्या, गूळ चुरून गालाच्या आत चोळा, मान वर धरा, पाणी नको, आधी गूळ. काशम्मा कानडीत काहीतरी पुटपुटत होती.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मग भार्गवीचा आवाज आला, "आई, मी विचारलं होतं. त्याने सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी सोबत आणलेला मूठभर हुरडा तोलून गच्चीवर उन्हात पसरला. वाळल्यावर पुन्हा तोलला तेव्हा तो अर्धासुद्धा भरला नाही. कोवळ्या दाण्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. सरांनी पाण्याची ज्वारी धरली होती आणि मी इमानाने तिचा गुणाकार केला होता. सर तराजूसमोर डोकं धरून बसले. याचे सेल काढून टाकतो, म्हणाले.

तेव्हा मला कधी हातही न लावणाऱ्या पद्मजाताई म्हणाल्या, "अहो, टाकू नका. पोरीला भूक लागली होती आणि ती परवानगी मागत बसली होती. त्याला आधी विचारायला शिकवा, सांगायचं नंतर."

म्हणून सरांनी माझ्यात नवीन ओळी घातल्या, पुन्हा त्या मोकळ्या जागा जपत. आता मी उघडलो की पहिल्यांदा विचारायचो, कसं वाटतंय? बरं नाही असं कळलं की मी आकडेमोड करायचोच नाही. आधी गोड खा आणि आईला हाक मार, एवढंच पडद्यावर यायचं. आणि अक्षर लागलं नाही तरीही तेच यायचं. भार्गवी कधी 'बरं' लिहायची, कधी 'कंटाळा', एकदा तर 'तुला कसं वाटतंय' असं लिहून तिने मलाच बुचकळ्यात टाकलं. मी तिला गोड खायला सांगितलं. सर पुन्हा कागद घेऊन बसायला लागले होते, त्यामुळे मला जरा झोप लागायची.

पुढे ती मोठी झाली, आकडे तिचे तिलाच पाठ झाले. मला टीव्हीखालच्या कप्प्यात जागा मिळाली. एका उन्हाळ्यात सर आणि पद्मजाताई तिच्याकडे पुण्याला गेले आणि परत येईपर्यंत माझे सेल संपले. भाकरी गेली, हुरडा गेला, तो प्रश्नही गेला. मग हे सगळं कशात साठवून सांगतोय, ते मात्र विचारू नका.

परवा भार्गवी घरी आली होती. तिच्या दंडावर बटणाएवढी चकती असते, ती सुईशिवाय साखर मोजते आणि तिच्या फोनला कळवते. सरांनी मला दाखवायला म्हणून बाहेर काढलं आणि जेवणाच्या टेबलावर त्या फोनशेजारी ठेवलं. जेवताना साखर पडल्याचा इशारा देत फोन वाजला. सरांचा घास हातातच राहिला, पद्मजाताई अर्ध्या उठल्या. भार्गवीने फोनकडे न बघताच साखरेचा डबा ओढला आणि चमचाभर साखर तोंडात टाकली. मग म्हणाली, "बस गं आई. मला आधीच कळलं होतं."

त्या फोनला मला एवढंच सांगायचं आहे. बाळा, तू माझ्याहून फार हुशार आहेस, तुला अपूर्णांक येतात, तुझी आठवण जात नाही. पण तू कधी हुरडा खाल्लेला नाहीस, मीही नाही. म्हणून ती जेव्हा तुला विचारील, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी थोडं घाबरत जा. आणि एखाद्या दिवशी तिने तुला विचारलंच नाही, सरळ हात पुढे करून गूळ उचलला, तर तिला अडवू नकोस.