अवधाण

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांत सुगंधाबाईचा हात सगळ्यांत चपळ, आणि जीभ त्याहून. पोतं शिवताना दाभण बोटात घुसलं, तर तिने दाभणालाच शिव्या घातल्या. पुढे बोट ठणकायला लागलं, लालबुंद झालं. मिरचीत जन्म गेलेल्या बाईला आगीचं काय कौतुक! तिने हात ताकात बुडवला आणि कामावर गेली.

"आत्या, ही मिरचीनी आग नही शे. बोट पिकी गये. दवाखानामा चला," सून सोनम म्हणाली.

"मी घर बसनू का तुले मन्ही जागा भेटी, हाईच ना?" सुगंधाबाई फिस्कारली. लग्न होऊन आली तेव्हापासून सोनम तिच्या डोळ्यांत सलत होती. पोरगा हातचा गेलाच होता. आता पथारीवरची जागाही ही बळकावणार, याची तिला धास्ती होती.

मग बगलेत लिंबाएवढं अवधाण आलं. हाताला जखम झाली की बगलेत गाठ उठते, हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या लेखी दुखणंच आता तिथं जाऊन बसलं होतं. विटेचा तुकडा तापवून ती गाठ शेकायची, दातांत पदर धरून चोळायची. बोटाकडे ढुंकूनही पाहत नव्हती. अंगात ताप फणफणला तेव्हा सोनमने तिला धरून रिक्षात कोंबलं. अख्ख्या गल्लीने सासूच्या शिव्या ऐकल्या.

डॉक्टरीणबाई भडकल्याच. "जंतू हातातून वर चढत होते, त्यांना या गाठीने अडवून धरलं. सूज, पू, ताप, सगळं तुमचं अंग लढत होतं म्हणून. आणि तुम्ही लढणारीलाच रगडत बसलात! हात वाचेल, पण बोट मेलंय."

अंगठ्याशेजारचं बोट कापावं लागलं. त्या बोटाशिवाय देठ खुडता येत नाही.

घरी परतताना रिक्षात सोनम म्हणाली, "सकायपाईन पथारीवर मी जासू."

सुगंधाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून पहिल्यापासून खरंच बोलत होती, हे तिला बोटापेक्षा जास्त झोंबलं. तिने पट्टी बांधलेलाच हात उगारला. सोनमने तो वरच्यावर धरला.

"डावा हातनी मारा," ती म्हणाली. "याना टाका तुटी जातीन."