खोली, महिन्याभरापुरती

तुर्भ्याच्या लॉजमधल्या मॅनेजरने मैनाचं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि काउंटरवरून परत सरकवलं. लोकल पत्ता चालत नाही, म्हणाला.

"लोकलच हाय आमी," मैना म्हणाली.

"तेच ना, काकी. लोकल माणसाला लॉज कशाला पाहिजे? उद्या पोलीस आले तर मी काय सांगू?"

मैनाने सांगून पाहिलं. पावणे गावातलं घर विकलंय, नव्या घराची किल्ली मिळायला महिना आहे, आम्ही नवरा-बायको आणि अंथरुणाला खिळलेली सासू, एवढेच. मॅनेजरला हसू आलं. सासूला घेऊन लॉजवर उतरणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नव्हतं. पत्ता बिहारचा असता, बंगालचा असता तरी खोली दिली असती, असं तो म्हणाला. पावण्याचा नको.

मैनाला राग यायला हवा होता. तो आला नाही. कार्ड पर्समध्ये टाकून ती रिक्षात बसली.

घर विकायचं ठरलं तेव्हा सगळं सरळ वाटत होतं. आजूबाजूला वर्कशॉप उभी राहिली होती, गाळ्यांसाठी जागा हवीच होती. त्या पैशांत नावड्याला फ्लॅट घेतला. पण नव्या बिल्डिंगची लिफ्ट पास झाली नव्हती, त्यामुळे बिल्डर किल्ली देईना, आणि जुन्या घराचा ताबा द्यायची तारीख काही पुढे सरकत नव्हती. सामानाची सोय नवऱ्याने, गोवर्धनने केली. तो ज्या कंपनीत सुपरवायझर होता तिच्या शेडमध्ये कपाटं, पलंग, टीव्ही ताडपत्रीखाली गेले. दीपेश, एकुलता मुलगा, जहाजावर होता, त्याचा प्रश्नच नव्हता. उरली होती ती पुतळा, गोवर्धनची आई.

पुतळा नव्वदीला टेकली होती. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि मैनाला बाहेर बोलावून, आता औषधापेक्षा सेवा करा, असं सांगितलं. ते पुतळाला ऐकू गेलं नव्हतं, पण कळलं होतं. त्या दुपारी मैना तिचे केस विंचरत होती तेव्हा तिने मैनाचा हात धरला.

"मना दवाखान्यान नेव नको. तिथं नल्या घालून ठेवतान."

"नाय नेत, आये," मैना म्हणाली होती. केस विंचरायचे राहिले होते, ते तिने पुरे केले.

लॉजवरून ती थेट हरेशकडे गेली. हरेश गोवर्धनचा चुलतभाऊ, गावात त्याच्या भाड्याच्या खोल्यांची तीन मजली चाळ होती. त्याने चहा ठेवायला लावला, फ्लॅटची चौकशी केली, म्हातारीची केली. मग तो पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलू लागला.

"वयनी, तुमाला खोलीचा भारा कसा मागू? आन महिन्यानी तुमी निंघाला नाय, त तोंड उघरून बोलू कसा?"

गावात खोल्या असणाऱ्या सगळ्यांचाच तो नियम होता: खोली बाहेरच्याला द्यायची, आपल्या माणसाला नाही. बाहेरच्याला भाडं मागता येतं आणि निघ म्हणता येतं. मैनाच्या घराच्या मागच्या पडवीतही दोन खोल्या होत्या, आणि गोवर्धनने आपल्या सख्ख्या मावसभावाला असंच चहा पाजून परत पाठवलं होतं. मैनाने चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि निघाली.

मग नावड्याचा विपुल. एजंटचा धंदा करणारा हा पोरगा गोड बोलायचा आणि खरंही बोलायचा. एका महिन्यासाठी कुणी घर देत नाही, करार अकरा महिन्यांचा असतो, हे त्याने आधीच सांगितलं. त्यात म्हातारं माणूस आजारी आहे म्हटल्यावर मालक फोनच उचलत नाहीत. "तुमच्या तोंडावर बोलत नाहीत, काकी, पण सगळ्यांना एकच टेन्शन असतं." तरी त्याने एक खोली काढली. नावडे कॉलनीत बैठ्या घरावर मजला चढवलेला होता, वर मनस्वी नावाची मालकीण नवऱ्याबरोबर राहायची, खालची खोली रिकामी होती.

मनस्वी तिशीची असेल. एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं काम ती घरून करायची. तिने खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, महिन्याभराला तयार झाली. विपुल गेटपाशी गेल्यावर तिने मैनाला थांबवलं.

"काकी, वाईट वाटून घेऊ नका. आजींचं जास्त झालं तर लगेच हॉस्पिटलला न्या. इथे काही व्हायला नको." आधीचे एक भाडेकरू याच खोलीत वारले होते. त्यानंतर वर्षभर खोलीला कुलूप होतं. लोक शेजारी चौकशी करतात आणि येतच नाहीत, आणि वरच्या मजल्याचा हप्ता तर दर महिन्याला जातोच. ती हे ओशाळून सांगत होती. खोटं काहीच नव्हतं.

"हो," मैना म्हणाली.

रिक्षात बसल्यावर तिने आपले दोन्ही होकार, पुतळाला दिलेला आणि मनस्वीला दिलेला, शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ते एकत्र बसत नव्हते. तिने गोवर्धनला सांगितलं, तर तो म्हणाला, तवा बघू. कुठल्याही गोष्टीवर तो असंच म्हणायचा.

पुतळाला गाडीच्या मागच्या सीटवर आडवी करून नावड्याला आणली. वाटेत तिने विचारलं, आपन कवा परत जानार. मैना म्हणाली, जाऊ. त्याच आठवड्यात पावण्याच्या घरावर जेसीबी चालला. गोवर्धन बघून आला आणि जेवला. नव्या खोलीत तिची कामं तीच होती: कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, पेज गाळून चमच्याने पाजायची. वरून मनस्वीचा फोनवरचा आवाज यायचा, गाड्यांचे नंबर, कोण कुठे अडकलंय ते. जिन्यात भेटली की ती आजी कशा आहेत विचारायची. बऱ्या हायेत, असं मैना सांगायची.

एका दुपारी पुतळाने पेज गिळली नाही. ती ओठांच्या कडेने बाहेर आली. श्वास लांबला, मधे थांबू लागला. सासऱ्यांच्या वेळी मैनाने हे पाहिलं होतं, त्यामुळे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ॲम्ब्युलन्सचा नंबर मोबाइलमध्ये होता, मनस्वीनेच दिलेला. हॉस्पिटल लांब नव्हतं. तिने गोवर्धनला फोन लावला.

"हास्पिटलची गारी बोलवू काय?" त्याने विचारलं.

मैनाने पुतळाकडे पाहिलं. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते.

"नको," ती म्हणाली. "तुमी या फकस्त."

मग तिने उठून दाराला आतून कडी घातली आणि पाण्याचा पेला घेऊन पुतळाच्या उशाशी बसली. चमच्याने ओठ ओले करत राहिली. वर मनस्वी कुणाला तरी ट्रक उरणला वळवायला सांगत होती. ते संपायच्या आधीच इकडचं संपलं.

गोवर्धन आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला. तोंड धुतल्यावर त्याला सुचलं, आणि तो हळू आवाजात बोलला. आता गाडी बोलवू, वाटेत गेली म्हणून सांगू. कोणाला कळनार हाय? मालकिनीला पन बरा.

सुचवलं ते चुकीचं नव्हतं. त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. पण खोटं सांगायलाही अंगात थोडा जीव लागतो, आणि मैनाच्या अंगात तेवढा नव्हता. ती जिना चढून वर गेली.

मनस्वीने कानातला हेडफोन काढून दार उघडलं.

"गेली," मैना म्हणाली. "खालीच गेली. हास्पिटलला नेली नाय मी."

मनस्वीने जिन्यातून खाली पाहिलं. "वेळच मिळाला नसेल, काकी."

तिने वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

"येल मिलाला व्हता," मैना म्हणाली. "तिला हास्पिटलला जायचा नवता."

"मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

"हो."

मनस्वी खाली आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने हात जोडले, डोळे पुसले आणि गाडी आत यावी म्हणून गेट पूर्ण उघडलं.

पुतळाला पावण्याला नेलं. घराच्या जागेभोवती पत्रे लागले होते, म्हणून तिरडी हरेशच्या अंगणात बांधली. हरेशने स्वतःच गाड्या काढून अंगण मोकळं केलं होतं, आणि पहिला खांदाही त्याने दिला. गाव लोटलं होतं. सुतकात मैनाला चूल पेटवावी लागली नाही, रोज गावातल्या कुणा ना कुणाच्या घरून नावड्याला भाकऱ्या आल्या. खोलीचा विषय कोणी काढला नाही, मैनानेही नाही.

मनस्वीचा निरोप विपुलकडून आला. दहावं होईपर्यंत राहा, मग खोली सोडा, डिपॉझिट पूर्ण देते. मैनाला त्यात वावगं काही वाटलं नाही. मनस्वीच्या जागी ती असती तर तिने दहाव्यापर्यंतही राहू दिलं नसतं. लिफ्ट अजून पास व्हायचीच होती, बिल्डर आणखी महिनाभर म्हणत होता.

"आता टेन्शन नका घेऊ, काकी," विपुल म्हणाला. "आता दोघंच ना तुम्ही? आता कुणीपण देईल."

वाईट वाटावं म्हणून तो बोलला नव्हता. खरं तेच होतं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना नावडे गावात पोपटशेठकडे नेलं. पोपटशेठ त्यांच्याच जातीतला, पण पावण्याची माणसं नावड्यात बाहेरचीच. पहिल्याच घरी काम झालं. खोली हवेशीर होती, नळ आत होता. महिनाभर राहा, दोन महिने राहा, पोपटशेठ म्हणाला, आणि किल्ली पुढे केली.

मैना उभीच राहिली. तोही पुढे एखादी अट सांगेल म्हणून ती थांबली होती. त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काय झाला, बाय? पसंत नाय काय खोली?"

"पसंत हाय," मैना म्हणाली. मग त्याला आणखी काही सांगायचं नाही असं पाहून तिने किल्ली घेतली.