सहावी पाकळी

सुट्टीत जुन्या हवेल्या पाहायला येणाऱ्यांची वर्गवारी मी कधीच करून ठेवली आहे. काही फोटोपुरते येतात, काही सावलीपुरते, उरलेले बायकोने आणलं म्हणून. मिस्त्री यातल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हता. तो छत पाहायला आला होता, तेही स्वतःचं.

मिस्त्री चुन्याचं नक्षीकाम करणारा, माझा शाळेपासूनचा दोस्त. मी जुन्या वास्तूंच्या कचेरीत कारकून. हवेल्यांच्या माहितीपुस्तिका मी लिहितो, खाली नाव साहेबांचं असतं. सव्वीस वर्षांपूर्वी मोठ्या हवेलीच्या दिवाणखान्याचं अर्धं छत कोसळलं. ते मिस्त्रीने इतकं बेमालूम जोडलं की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे त्याच्याशिवाय कुणाला कळू नये. चांगल्या कामाचा हाच तोटा.

सकाळपासून दोन हवेल्या झाल्या होत्या. दोन्हीकडे त्याने भिंतींवर टिचक्या मारून नाक मुरडलं. "नुसता रंग चोपडलाय रे. आत चुना मेलाय. म्हातारीला पावडर!"

मोठ्या हवेलीच्या पायऱ्या चढताना मात्र त्याचा आवाज खाली आला. "उद्या लेक येतेय. तिच्या सासरी मला काय म्हणतात माहितीये? भिंती लिंपणारा. म्हटलं, तिला इथे आणतो आणि वर बोट दाखवतो. आज फक्त फूल जागेवर आहे ना, ते बघू."

फुलाची गोष्ट मला ठाऊक होती. त्या छतावर पाच पाकळ्यांची चाळीस फुलं आहेत. लेक झाल्याचा निरोप आला तेव्हा मिस्त्री परांचीवर होता. हातातल्या ओल्या चुन्याने त्याने खिडकीजवळच्या फुलाला सहावी पाकळी लावली. "कुणाला बोलू नकोस, मुकादम तोडायला लावेल," असं मला बजावलं होतं. मी कुणाला बोललो नाही. बोललो नाही, एवढं खरं.

दिवाणखान्यात गाइड मुलगी पंचवीसएक माणसांना घेऊन उभी होती. "आता खिडकीपाशी वर बघा. तिथल्या एका फुलाला सहा पाकळ्या आहेत."

मिस्त्रीने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "बघ! लक्षात आलंय त्यांच्या!"

"तीनशे वर्षांपूर्वी," ती पुढे म्हणाली, "काम चालू असताना इथल्या कारागिराला मुलगी झाल्याचा निरोप आला..."

"अय्या, किती गोड!" कुणीतरी म्हणालं. सगळे मोबाइल वर गेले.

"पोरी, ती पाकळी माझी आहे," मिस्त्री म्हणाला. "मी लावलीय."

"काका, तीनशेचे वाटत नाही हो!" गर्दीतून आवाज आला. हशा पिकला.

गाइडने पुस्तिका उघडून धरली. "छापलंय ना, काका. पान नऊ."

"याला विचारा! याला सगळं माहितीये. सांग रे!"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली. "अरे, सर, तुम्ही! यांनीच तर लिहिलीय ही पुस्तिका. सांगा ना यांना."

साहेब म्हणाले होते, मजकुरात जीव नाही, काहीतरी घाला. मी घातलं. छत मूळचंच असल्याचंही त्यात ठोकून दिलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. शिवाय पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"छापलंय ते तपासूनच छापलंय," मी म्हणालो.

मिस्त्री भांडला नाही. मान वर करून त्याने एकदा फूल पाहिलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. म्हणाला, "आता लेकीला दाखवलं तर ती काय म्हणेल? बाबा, पुस्तिकेतलं ढापलंत."

"मी सांगतो ना तिला. घरी येऊन सांगतो."

"तू?" तो उठला, पँटची धूळ झटकली. "तू तपासून सांगशील."

चौथी हवेली राहिली होती. तो स्टँडच्या दिशेने चालू लागला.